घन हेलियमची आठ वर्षं

मोठ्या नाण्याच्या घेराची धातूची एक डबी. आत काचेची चकती, आणि त्या काचेत जेमतेम सात नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांचं जाळं. ही डबी बेरिलियम आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या एका बारीक, पोकळ दांडीला बसवलेली. दांडीला किंचित पीळ दिला की डबी एकदा इकडे, एकदा तिकडे वळू लागते, सेकंदाला सुमारे हजार वेळा. हेलकावा इतका बारीक, की डबीची कड एका खेपेला एखाद-दुसरा नॅनोमीटरच सरकते. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. पण एका हेलकाव्याला किती वेळ लागतो, हे मात्र नॅनोसेकंदाइतक्या बारकाईनं मोजता येतं.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत मोझेस चॅन आणि त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी युनसाँग किम यांनी दांडीच्या पोकळीतून या डबीत हेलियम भरला, दाब वाढवून तो काचेच्या छिद्रांतच गोठवला आणि डबी थंड करत नेली. केवलशून्याच्या वर एका अंशाच्या पाचव्या हिश्शाहूनही खाली, म्हणजे १७५ मिलिकेल्विनच्या आसपास, हेलकाव्याचा वेळ कमी होऊ लागला. डबीतून काही बाहेर गेलं नव्हतं. हेलियमचं वजन तेवढंच होतं. तरीही फिरताना डबी हलकी झाल्यासारखी वागत होती, जणू घन हेलियमचा एक छोटा हिस्सा डबीबरोबर वळायचं नाकारून जागच्या जागी उभा राहिला होता.

१५ जानेवारी २००४ च्या 'नेचर'मध्ये हा निबंध आला. शीर्षकात त्यांनी 'संभाव्य' हा शब्द जपून ठेवला होता. पण वाचणाऱ्यांना त्याचा अर्थ लगेच कळला. जो पदार्थ एकाच वेळी घन आहे आणि घर्षणाशिवाय वाहतोही, असा सुपरसॉलिड पहिल्यांदा हाती लागला होता, निदान तसं दिसत तरी होतं. त्यापुढची आठ वर्षं निम्न तापमानाच्या भौतिकशास्त्रातले बहुतेक मोठे लोक या एका प्रश्नाशी झटले.

प्रश्न मात्र जुना होता, आणि तो हेलियमच्या स्वभावातूनच आला होता. १८६८ च्या ग्रहणानंतर सूर्याच्या वर्णपटात जी पिवळी रेषा सापडली, तिच्यावरून नॉर्मन लॉकियर यांनी हे मूलद्रव्य ओळखलं. आपल्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावरचे ओटे दाखवून हेलियमचा शोध तिथे लागला असं सांगतात. पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले ते १८९८ च्या जानेवारीत, दुसऱ्या एका खग्रास ग्रहणासाठी. कोकणाच्या वाट्याला आलेला हा दुवा तीस वर्षांनी उशिराचा असला तरी खरा आहे, आणि तो खऱ्या तारखेनिशी सांगण्यात काही कमीपणा नाही.

पृथ्वीवर हेलियम मिळाला तो १८९५ मध्ये. १० जुलै १९०८ रोजी नेदरलँड्समधल्या लायडन इथे हाइके कॅमरलिंग ओन्स यांनी त्याचा द्रव केला. तो गोठवायचा प्रयत्न त्यांनी त्याच रात्री केला आणि नंतरही करत राहिले. द्रव कितीही थंड केला तरी गोठेना. ओन्स फेब्रुवारी १९२६ मध्ये वारले आणि त्याच वर्षी त्यांच्याच प्रयोगशाळेत विलेम कीसोम यांनी घन हेलियम मिळवला. युक्ती थंडाव्यात नव्हती, दाबात होती. वातावरणाच्या पंचवीसपट दाब दिल्याशिवाय हेलियम केवलशून्याशीसुद्धा घन होत नाही.

असं का, याचं उत्तर पुंजभौतिकीत आहे. हेलियमचा अणू हलका, आणि शेजारच्या अणूशी त्याची ओढ अगदी क्षीण. पुंजनियमांमुळे कोणत्याही अणूला पूर्ण स्वस्थ बसता येत नाही. थंडीनं सगळी उष्णता काढून घेतली तरी शून्यबिंदू कंपन उरतंच, आणि हेलियममध्ये ते इतकं मोठं असतं की अणू आपल्या जागेपासून शेजाऱ्याच्या अंतराच्या पाव भागाहूनही जास्त इकडेतिकडे होतात. लोखंडाचा किंवा मिठाचा स्फटिक एवढा हलला असता तर केव्हाच वितळून गेला असता. घन हेलियम वितळत नाही, कारण बाहेरून दाब त्याला धरून असतो. मात्र त्याच्यातले अणू शेजाऱ्याशी जागा बदलू शकतात. भिंत ओलांडायला ऊर्जा नसताना भिंतीतून पलीकडे जाणं त्यांना जमतं.

घनाचा प्रश्न पडण्याआधीच द्रव हेलियमचं नवल कळलं होतं. १९३७ च्या डिसेंबरात मॉस्कोत प्योत्र कापित्सा यांनी आणि केंब्रिजमध्ये जॉन ॲलन व डॉन माइसनर यांनी दाखवलं, की सुमारे २.२ केल्विनच्या खाली द्रव हेलियम अतिबारीक फटीतूनही अडथळ्याशिवाय वाहतो. पुढे ही अतिप्रवाहिता सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांनी मांडलेल्या संघननाशी जोडली गेली. असंख्य अणू एकाच पुंजअवस्थेत एकवटतात आणि मग सगळे मिळून एक होऊन चालतात. मग घनातले अणू जर जागा बदलू शकत असतील, तर त्यांचंही असं संघनन का होऊ नये?

१९५६ मध्ये ऑलिव्हर पेनरोज आणि लार्स ऑन्सागर यांनी उत्तर दिलं: नाही. प्रत्येक अणूची जागा ठरलेली असेल अशा घनात ते शक्य नाही. १९६९ मध्ये मॉस्कोत अलेक्सांद्र अँद्रेयेव आणि इल्या लिफशित्स यांनी या उत्तरातली पळवाट शोधली. स्फटिकात काही जागा रिकाम्या असल्या, आणि त्या केवलशून्यालाही शिल्लक राहिल्या, तर त्या रिकाम्या जागाच संघनित होऊन वाहू शकतात. जेफ्री चेस्टर यांनी १९७० मध्ये वेगळ्या वाटेनं जवळपास तेच म्हटलं. त्याच वर्षी ॲन्थनी लेगेट यांनी 'घन पदार्थ अतिप्रवाही असू शकतो का' असा सरळ प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच घातला आणि तो पारखायचा मार्गही सांगितला. घन हेलियम भरलेली डबी फिरवा. त्याचा काही भाग अतिप्रवाही झाला असेल तर तो डबीबरोबर फिरणार नाही आणि डबीचं परिवलन जडत्व घटेल. ही घट झालीच तर दहा हजारात एका भागाहूनही कमी असेल, असा लेगेट यांचा अंदाज होता.

पुढची तीस-बत्तीस वर्षं अनेकांनी ही घट शोधली. कॉर्नेलमध्ये डेव्हिड बिशप, मिक्को पालानेन आणि जॉन रेपी यांनी १९८१ मध्ये अशाच पिळाच्या दोलकानं मोजणी केली. हाती काही आलं नाही. सॅन डिएगोच्या जॉन गुडकाइंड यांना नव्वदच्या दशकात घन हेलियममधून ध्वनी पाठवताना काही चमत्कारिक खुणा दिसल्या होत्या, पण त्यांच्यावरून कोणी ठाम बोलायला तयार नव्हतं. ऑक्टोबर २००३ मध्ये लेगेट यांना नोबेल जाहीर झालं आणि तीन महिन्यांत चॅन-किम यांचा निबंध छापून आला.

चॅन हे घाईनं बोलणारे गृहस्थ नव्हेत. सच्छिद्र काचेतल्या हेलियमवर त्यांनी अनेक वर्षं काम केलं होतं, त्यातलं काही रेपींबरोबरच, आणि निम्न तापमान क्षेत्रातलं फ्रिट्झ लंडन पारितोषिक त्यांना १९९६ मध्ये मिळालं होतं. निकालावर कोण कोणत्या शंका घेईल याची त्यांना कल्पना होती, आणि जवळपास प्रत्येक शंकेचं उत्तर त्यांनी प्रयोगातच तयार ठेवलं. हेलियमचा दुसरा समस्थानिक, हेलियम-३, बोस यांच्या नियमानं चालत नाही. त्यामुळे तो भरला तर घट दिसता कामा नये. दिसली नाही. अतिप्रवाहाला एक वेगमर्यादा असते, ती ओलांडली तर परिणाम ओसरला पाहिजे. सेकंदाला काही मायक्रोमीटरहून जास्त वेगानं डबी हलवली की तो खरंच ओसरत होता. मग त्यांनी काच काढून टाकली आणि साध्या, कडीच्या आकाराच्या पोकळीत हेलियम गोठवला. तिथेही वेळ घटला, आणि घट एक टक्क्याच्या आसपास होती, म्हणजे लेगेट यांच्या अंदाजाच्या शंभरपट. शेवटी त्यांनी त्या कडीत आडवी भिंत घातली. कडीभोवती पूर्ण फेरा मारायची वाट बंद झाली, आणि परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. हा निकाल सप्टेंबर २००४ च्या 'सायन्स'मध्ये आला. अडवलेल्या कडीचा हा प्रयोग वाचून पुष्कळांचा विरोध मावळला. माझ्या मते तो या साऱ्या मालिकेतला सर्वात देखणा प्रयोग आहे, पुढे काय झालं हे माहीत असूनही.

लवकरच हा परिणाम जपानमध्ये, रटगर्समध्ये, कॉर्नेलमध्ये, सगळीकडे दिसू लागला. दोलक खोटं बोलत नव्हते. पंचाईत आकड्यांची होती. कुठे घट दशांश टक्क्याहून कमी, कुठे एक टक्का. एकाच पदार्थाचा गुणधर्म प्रयोगशाळेप्रमाणे बदलत होता. त्यातच २००६ मध्ये रेपी आणि त्यांची विद्यार्थिनी ॲन सोफी रिटनर यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. त्यांनी घन हेलियम वितळण्याच्या जवळपास तापवला आणि सावकाश थंड होऊ दिला. लोहार पोलाद मऊ करायला जे करतो तेच. स्फटिकातले दोष अशानं कमी होतात. परिणाम दिसेनासा झाला. पुढच्या वर्षी त्यांनी उलट टोक गाठलं. अगदी अरुंद कडीत हेलियम झपकन गोठवला, म्हणजे तो दोषांनी गच्च भरला, आणि घट वीस टक्क्यांवर गेली. चॅन यांच्या गटाला मात्र काळजीपूर्वक वाढवलेल्या स्फटिकांतही लहानशी घट दिसतच राहिली.

सिद्धान्ताच्या बाजूनं निकोलाय प्रोकोफिएव आणि बोरिस स्विस्तुनोव यांनी मॅसॅच्युसेट्समधून तोवर पक्की भूमिका घेतली होती. डेव्हिड सेपर्ली यांच्यासारख्यांची गणितंही त्याच दिशेनं बोट दाखवत होती. शुद्ध, निर्दोष स्फटिकात एक रिकामी जागा निर्माण करायला सुमारे तेरा केल्विनची ऊर्जा लागते. दोन दशांश केल्विनला त्या आपोआप उरणं शक्यच नाही, तेव्हा अँद्रेयेव-लिफशित्स यांची वाट हेलियमला बंद आहे. वाहायचंच असेल तर ते दोषांमधून. पॅरिसमध्ये सेबास्तियन बालिबार यांच्या गटानं २००६ मध्ये खिडकी असलेल्या शीतपात्रात स्फटिक डोळ्यांनी पाहत वाढवले. चांगल्या स्फटिकातून वस्तुमान सरकलं नाही, पण जिथे दोन स्फटिककणांची सीमा होती तिथे काही वेळा सरकलं.

म्हणजे विचार आता स्फटिकावरून त्याच्या बिघाडावर आला होता. आणि बिघडलेल्या, घाईनं गोठलेल्या पदार्थाचं जे टोक असतं, ते म्हणजे काच.

काचेतले अणू द्रवासारखेच अस्ताव्यस्त असतात, फक्त अडकून पडलेले. १९७१ मध्ये रॉबर्ट झेलर आणि रॉबर्ट पोल यांनी कॉर्नेलमध्ये दाखवलं होतं, की अतिथंड काचेची विशिष्ट उष्णता स्फटिकासारखी तापमानाच्या घनानं घसरत नाही, ती तापमानाच्या सरळ प्रमाणात उतरते. पुढच्याच वर्षी फिलिप अँडरसन, बर्ट्रांड हॅल्परिन आणि चंद्र वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे विल्यम फिलिप्स यांनी, त्याचं कारण सुचवलं: काचेत जागोजागी अणूंचे काही लहान गट दोन जवळजवळ सारख्या मांडण्यांमध्ये अडकलेले असतात आणि एकीतून दुसरीत उडी मारत राहतात.

युक्रेनमधल्या खार्किव्हच्या निम्न तापमान संस्थेत २००७ मध्ये नेमकी हीच खूण घन हेलियममध्ये दिसली. दोलक वगैरे काही नाही, तिथल्या गटानं फक्त बंद डबीतला दाब मोजला. स्फटिकाचा दाब तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. झपाट्यानं गोठवलेल्या नमुन्यात त्याच्या जोडीला तापमानाच्या वर्गाप्रमाणे बदलणारा एक हिस्सा आढळला, जसा काचेत असायला हवा, आणि तापवून सावकाश थंड केल्यावर तो गेला. त्याच सुमारास लॉस अलामॉसचे अलेक्झांडर बालात्स्की आणि सहकारी यांनी हिशेब मांडून विचारलं, की वेळेतली घट अतिप्रवाहामुळेच कशावरून? डबीत काचेसारखं काही असेल, आणि तापमान उतरता उतरता ते दोलकाच्या चालीबरोबर हलणं सोडून थिजत असेल, तरी दोलक जलद होईलच.

यात एक विलक्षण योग होता. ज्या अँडरसन यांनी काचेचा सिद्धान्त मांडला होता, तेच आता घन हेलियममध्ये भोवऱ्यांचा द्रव आहे असं सांगत अतिप्रवाहाच्या बाजूनं उभे होते, आणि त्यांच्या विरोधात बोलणारे त्यांच्याच जुन्या कल्पना वापरत होते.

कॉर्नेलमध्ये शेमस डेव्हिस यांच्या गटानं हा काचपणा अधिक बारकाईनं तपासला. बेन हंट, एथन प्रॅट, विक्रम गाडगकर आदींनी दोलकाच्या हालचाली टिपायला स्क्विड हे अतिसंवेदनशील चुंबकीय उपकरण लावलं. तापमान एकदम बदलायचं आणि दोलक नव्या चालीवर स्थिरावायला किती वेळ घेतो ते पाहत राहायचं. जरा वरच्या तापमानाला तो लगेच स्थिरावत होता. शंभर मिलिकेल्विनच्या खाली गेलं की वेळ लांबत जाई, मिनिटांवरून तासांकडे. पदार्थ आपल्या आधीच्या अवस्थेची आठवण धरून बसत होता, जे काचेचं ओळखीचं लक्षण. पण वेळेतली घट आणि ऊर्जेचा ऱ्हास यांचं प्रमाण निव्वळ काचेशी जुळेना, म्हणून मे २००९ च्या 'सायन्स'मध्ये त्यांनी 'सुपरग्लास' असं नाव पुढे केलं, म्हणजे अतिप्रवाही काच. दोनच वर्षांनी त्याच गटानं पुढची मोजणी छापली. तापमान वाढवणं आणि डबी जोरात हलवणं या दोहोंचा परिणाम एकाच साच्यातला निघाला, म्हणजे दोन्ही स्फटिकातल्या दोषांची एकच हालचाल जागी करत होते.

दोषांची ही हालचाल कोणती, ते कॅनडात आधीच कळलं होतं.

अल्बर्टा विद्यापीठात जॉन बीमिश आणि जेम्स डे यांनी दोलक वापरलाच नाही. त्यांनी दाबविद्युत पदार्थाच्या दोन चपट्या पट्ट्या समोरासमोर बसवल्या आणि मधल्या फटीत, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढ्या जागेत, हेलियम गोठवला. एका पट्टीला विद्युतदाब दिला की ती किंचित आडवी सरकते, मधला हेलियम तो ताण पलीकडच्या पट्टीपर्यंत पोचवतो आणि तिथे अगदी क्षीण विद्युतप्रवाह मिळतो. तो प्रवाह सांगतो, की हेलियम किती ताठ आहे. डिसेंबर २००७ च्या 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्या तापमानाला दोलक जलद होतो नेमक्या त्याच तापमानाला घन हेलियम ताठर होतो, दहा टक्क्यांच्या आगेमागे. जोरात हलवलं तर ताठरपणा ओसरतो. हेलियम-३ ची भेसळ कमी-जास्त केली तर तापमान सरकतं. दोलकाच्या आलेखावर हा आलेख ठेवला तर एक झाकून दुसरा दाखवावा.

स्फटिकात अणूंच्या ओळी कुठेतरी अर्ध्यावर तुटलेल्या असतात. या तुटीच्या रेषेला डिस्लोकेशन म्हणतात. भलीमोठी सतरंजी ओढून सरकवायची तर जड जातं, पण एका टोकाला वळी पाडून ती वळी पुढे ढकलत नेली की सतरंजी सहज सरकते. डिस्लोकेशन स्फटिकात तेच काम करते, म्हणून ती मोकळी असेल तर स्फटिक मऊ लागतो. आता साध्या हेलियममध्ये दर कोटी अणूंमागे तीनेक अणू हेलियम-३ चे असतात. उबेत ते भटकत असतात. थंडी वाढली की ते डिस्लोकेशनवर येऊन चिकटतात, तिला जागोजागी खिळतात आणि स्फटिक ताठ होतो.

दोलकाच्या हेलकाव्याचा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: फिरणाऱ्या भागाचं जडत्व, आणि त्याला परत खेचणारा ताठरपणा. जडत्व घटलं तर वेळ कमी होतो, ताठरपणा वाढला तरीही कमी होतो. १९७० पासून सगळ्यांचं लक्ष पहिल्या बाजूला होतं. दुसरी बाजू विसरली गेली असं नव्हे. सगळ्यांनी धरून चालवलं होतं, की धातूच्या डबीपुढे आणि दांडीपुढे मऊ हेलियमचा ताठरपणा किस झाड की पत्ती, आणि शिवाय तो तापमानाप्रमाणे फारसा बदलत नाही. पदार्थ एकदा घन झाला की त्याच्या कडकपणाबद्दल वेगळा विचार करावा लागत नाही, ही समजूत इतकी अंगवळणी पडलेली होती, की इतक्या सावध माणसांच्या इतक्या पडताळण्यांमधून ती निसटून गेली.

आणि तरीही २००७ मध्ये प्रश्न मिटला नाही. तो का मिटला नाही, हे मला फार शिकवणारं वाटतं. चॅन यांच्याकडे काचेच्या छिद्रांतल्या हेलियमचा निकाल होता. सात नॅनोमीटरच्या छिद्रात डिस्लोकेशन हलणार कुठे? तिथे बीमिश यांचं स्पष्टीकरण लागूच पडत नव्हतं. मग २००९ मध्ये चॅन आणि बीमिश या दोन्ही गटांनी मिळून प्रयोग केला, आणि ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण दोघे वेगळ्या निष्कर्षांच्या बाजूला होते. षट्कोनी रचनेचा हेलियम-३ घेतला. तो थंडीत ताठर झाला, पण दोलक जलद झाला नाही. म्हणजे ताठरपणा पुरेसा नाही, बोस यांचे नियमही लागतात, असं दिसलं. सुपरसॉलिडच्या बाजूला पुन्हा जोर आला. २०१० मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत आख्खं शीतयंत्र फिरवून केलेल्या प्रयोगात, फिरवल्यानं दोलकावर परिणाम होतो आणि ताठरपणावर होत नाही, असा निकाल आला. तो तर निर्णायक वाटला. (पुढे मँचेस्टरमध्ये तसाच प्रयोग झाला तेव्हा फिरवण्याचा काहीच परिणाम दिसला नाही.)

उलट दिशेचे पुरावेही साठत होते. रेपी आता सत्तरी ओलांडलेले. त्यांनी २०१० मध्ये एक दोलक असा केला, की ज्यातला हेलियम प्रयोग चालू असतानाच वाकवून, दाबून विस्कटता येईल. अतिप्रवाह असता तर दोष वाढल्यावर थंड टोकाकडचा वेळ बदलला असता. तो तसाच राहिला. बदलला तो गरम टोकाकडचा, म्हणजे स्फटिक तिथे आणखी मऊ झाला होता. एकेकाळी याच माणसानं कॉर्नेलमध्ये सुपरसॉलिड शोधायचा प्रयत्न केला होता, आणि परिणाम दोषांशी निगडित असल्याचं पहिल्यांदा दाखवलंही त्यानंच. २०१२ मध्ये बीमिश आणि बालिबार यांच्या गटांनी मिळून दाखवलं, की पोकळ दांडीत जो हेलियम गोठतो, डबीत हेलियम पोचवायच्या त्या बारीक नळीतला, तोही ताठर होऊन दांडीलाच ताठ करतो आणि दोलकाचा वेळ लक्षात येण्याइतका घटवू शकतो. ती नळी सगळ्यांच्याच दोलकात होती.

राहिली होती काच. आणि ती चॅन यांनी स्वतः हाती घेतली.

दुक-यंग किम हे त्यांचे नवे सहकारी. दोघांनी जुन्या दोलकाकडे नव्यानं पाहिलं. काचेची चकती आणि धातूची भिंत यांच्यामध्ये अगदी पातळ फट उरलेली असते. छिद्रांतला हेलियम निर्दोष ठरवला तरी या फटीतला हेलियम साधा, घाऊक हेलियम होता, आणि तो ताठर होत होता. नव्या दोलकात त्यांनी ती फटच ठेवली नाही. काचेवर इपॉक्सीचा पातळ थर देऊन हेलियमला छिद्रांखेरीज कुठेच जागा उरू दिली नाही. मग पुन्हा तेच: हेलियम भरला, गोठवला, थंड केला. १७५ मिलिकेल्विन आले आणि गेले. वेळेत घट नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये निबंध आला आणि त्याच्या शीर्षकातच स्पष्ट लिहिलं होतं, की सच्छिद्र काचेतल्या घन हेलियममध्ये सुपरसॉलिड नाही. २०१४ मध्ये त्यांनी अतिशय ताठ बांधणीचा दोलक करून काचेविनाच्या हेलियमवरही मोजणी केली. काही असलंच तर ते दहा लाखात चार भागांहून कमी, अशी मर्यादा तिथे ठरली.

स्वतःच्या सर्वात गाजलेल्या निकालाला स्वतःच्याच हातानं तपासून मागे घेणं विज्ञानातही रोज घडत नाही. चॅन यांना कोणी तसं भाग पाडलं नव्हतं. काचेचा निकाल ते तसाच ठेवू शकले असते आणि वाद आणखी दहा वर्षं चालला असता. त्यांच्या २००४ च्या मोजणीत एकही आकडा चुकीचा नव्हता, हेही इथे लिहायला हवं. वेळ खरंच घटत होता, आणि जगभरात ज्यांनी मोजला त्यांनाही तो घटताना दिसला.

या आठ वर्षांतून काही निष्पन्न झालं नाही असं म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. बालिबार यांच्या पॅरिसच्या गटानं बीमिश यांच्या साथीनं हेलियमचे एकसंध आणि कमालीचे शुद्ध स्फटिक वाढवून त्यांचा ताठरपणा दिशेप्रमाणे मोजला. एका ठरावीक दिशेनं डिस्लोकेशन इतक्या मोकळ्या सरकत होत्या, की स्फटिक त्या दिशेला जवळजवळ विरोधच करत नव्हता. २०१३ मध्ये त्यांनी याला पुंजस्फटिकाची प्रचंड प्लॅस्टिकता म्हटलं. धातूंत डिस्लोकेशन सरकवायला उष्णता लागते, थंडीत पुष्कळ धातू ठिसूळ होतात. हेलियममध्ये केवलशून्याकडे जाताना, भेसळ नसेल तर, उलट घडतं. असा पदार्थ दुसरा माहीत नाही, आणि तो सुपरसॉलिडचा पाठलाग झाला नसता तर सापडला नसता.

सुपरसॉलिडही मिळाला, मात्र हेलियममध्ये नव्हे. २०१७ मध्ये झ्युरिक आणि एमआयटी इथल्या गटांनी लेझरनं घडवलेल्या अतिथंड वायूत, आणि २०१९ मध्ये पिझा, स्टुटगार्ट आणि इन्सब्रुक इथे चुंबकीय अणूंच्या विरळ वायूत, एकाच वेळी स्फटिकासारखी ठेवण आणि अतिप्रवाह दाखवला. इन्सब्रुकच्या गटानं २०२४ मध्ये त्यात भोवरेही पाहिले.

घन हेलियमचं दार मात्र पूर्ण लागलेलं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या ॲमहर्स्टमध्ये मायकेल रे आणि रॉबर्ट हॅलॉक यांनी २००८ मध्ये घन हेलियमच्या दोन बाजूंना सच्छिद्र काचेचे दांडे खुपसले, त्या दांड्यांमध्ये हेलियम द्रवच राहतो. एका बाजूनं दाब दिला की दुसऱ्या बाजूला दाब वाढत होता, सुमारे ०.६ केल्विनच्या खाली. घनातून काहीतरी पलीकडे जात होतं. यात दोलक नाही, त्यामुळे ताठरपणाचा घोळही नाही. बऱ्याच सिद्धान्तकारांना वाटतं, की डिस्लोकेशनचा गाभाच अतिप्रवाही असतो, अणूभर रुंदीची ती रेषा नळीसारखी चालते. चॅन यांनीही ही वाट सोडली नाही. २०१७ मध्ये त्यांच्या गटानं अवघ्या आठ मायक्रोमीटर जाडीच्या घन हेलियमच्या थरातून हा प्रवाह मोजला, आणि तिथेही हेलियम-३ चे मोजके अणू मिसळले की प्रवाह थंड टोकाला अडत होता.